टकटक मेकॅनिक आणि पळणारी टेप

शिलाई मशीन दुरुस्त करणारे लोक आधी मशीन उघडतात. टकटक आधी ते ऐकायचा. "ताई, जरा चालवा," म्हणायचा आणि डोळे मिटून, मान वाकडी करून असा बसायचा, की नव्या गिऱ्हाइकांना वाटे मेकॅनिकला चक्करच आली. मिनिटभराने डोळे उघडून म्हणे, "पट्टा ढिला आहे," आणि पट्टा ढिलाच निघे. वय वर्षं एकावन्न, पुढे पोट, मागे टक्कल आणि हाताशी येईल त्यावर बोटं बडवायची खोड. जेवणाचं टेबल, फ्रीज, एकदा तर सासऱ्यांची पाठ. टकटक हे नाव त्यावरूनच पडलं, कॉलेजात, तो बँडमध्ये ड्रम वाजवायचा तेव्हा.

त्या बँडने तेवीस वर्षांपूर्वी स्वतःच लिहिलेल्या आठ गाण्यांची एक कॅसेट काढली होती. निम्म्या कॅसेट नातेवाइकांनी घेतल्या, उरलेल्या पलंगाखाली गेल्या आणि बँड मोडला. भांडण वगैरे नाही. एकेकाचं लग्न होत गेलं, एवढंच. आता इतक्या वर्षांनी एका कार्यक्रमवाल्याला ती कॅसेट कुठल्याशा जुन्या सामानात सापडली. त्याचा फोन आला, "गाणी नव्याने रेकॉर्ड करा, आठ गावांत कार्यक्रम मी लावतो."

चौघे हरखून गेले. गिटारवाला शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. त्याला सगळे 'सर' म्हणत, पण अरे-तुरेतच. त्याने आपल्या जुन्या टेपरेकॉर्डरवरून गाणी फोनवर उतरवून सगळ्यांना पाठवली आणि फर्मान काढलं, "यावरून घरी सराव करा. एक ठोका इकडचा तिकडे नको."

इथेच टकटकच्या नाकी नऊ आले. गाणं सुरू झालं की दोन मिनिटांत मनगटं भरून येत, पाय थरथरे, आणि गाणं आपलं पुढे निघून जाई. दीड महिना त्याने दुकान बंद केल्यावर शेकोटीपुढे बसल्यासारखा घाम गाळला. तालमीत तो दर वेळी मागे पडे. तालीम व्हायची रविवारी सकाळी बेसवाल्याच्या दवाखान्यात. बेसवाला दातांचा डॉक्टर. किडक्या दाढेच्या चित्राखाली ड्रम मांडलेले असत.

शेवटी सर हळू आवाजात म्हणाला, "टकटक, वय कुणाला चुकलंय का? पुढच्या रविवारी बघू. नाहीच जमलं तर कॉम्प्युटरवरून ठोके घेऊ. तू ये की आमच्याबरोबर... सामान वगैरे बघायला."

सामान बघायला! टकटक घरी आला तो बोटं खिशात घालूनच. टेबल गप्प, फ्रीज गप्प. बायकोला ती शांतता सोसवेना.

"अहो, वाजवा काहीतरी. घर खायला उठलंय."

"संपलं सगळं. ऐक, कसा वाजवायचो मी," म्हणत त्याने फोनवर पहिलं गाणं लावलं. सुरुवातीला कुणीतरी आकडे मोजत होतं. एक, दोन, तीन, चार.

"ही कोण बाई मोजतेय?" बायकोने विचारलं.

"बाई कुठली? मी आहे तो."

"तुम्ही? अहो, लग्नाआधीपासून ओळखते मी तुम्हाला. तेव्हाही तुम्ही हाक मारलीत की आमचा कुत्रा पलंगाखाली जायचा."

टकटकने गाणं पुन्हा लावलं. डोळे मिटले, मान वाकडी केली. दीड महिना तो हे गाणं ड्रमरसारखं ऐकत होता. मेकॅनिकसारखं आज पहिल्यांदाच ऐकलं.

रविवारी त्याने सरला टेपरेकॉर्डर घेऊनच यायला सांगितलं आणि पेशंटांच्या सोफ्यावर तो उघडला. मोटरच्या छोट्या पुलीवर चिकटपट्टीचे चांगले चार वेढे होते.

"हे कुणी केलं?"

"मीच. पट्टा घसरत होता," सर जरा अभिमानानेच म्हणाला.

"पुली जाड केलीस की टेप जास्त वेगाने पळणार, सर! वेग वाढला, आवाजही चढला. शाळेत विज्ञान शिकवतोस ना रे?"

"रसायन," सर म्हणाला. "यंत्रं दुसऱ्या बाईंकडे आहेत."

टकटकने चिकटपट्टी काढली, घसरणारा पट्टा बदलला आणि कॅसेट लावली. एक, दोन, तीन, चार. भरदार, पुरुषी आवाज. पाठोपाठ गाणंही निवांत चालीने आलं.

गायक मटकन सोफ्यावर बसला. शंभर किलोचा माणूस, टोपणनाव बुलबुल. "म्हणजे माझा आवाज गेलेला नाही? अरे, दीड महिना सकाळ-संध्याकाळ वाफ घेतोय मी! बायकोला सांगितलं, सर्दी आहे."

डॉक्टरने हात पुढे केला. चारही बोटांना पट्ट्या. "तीन आठवडे एक दात काढलेला नाही. पेशंटना गोळ्या देऊन परत पाठवतोय."

सरने गिटारच्या किती तारा तुटल्या ते सांगितलं नाही, पण त्याचे कान लाल झाले. प्रत्येकाला वाटत होतं म्हातारा फक्त मीच झालोय, आणि लाजेपायी एकानेही तोंड उघडलं नव्हतं.

मग वाजवायला बसले, तर नवीनच पंचाईत. दीड महिन्याची धावायची सवय! सर सुसाट सुटला, त्याच्यामागे डॉक्टर, त्यांच्यामागे धापा टाकत बुलबुल. टकटक मात्र आपल्या जागी. मनगटं सैल होती, पाय पडायचा तिथेच पडत होता.

"पळव ना जरा!" सर ओरडला.

"नाही पळवणार. तू मागे ये."

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या खेपेला टकटकने पायाखालचा मोठा ड्रम असा काही ठणकावला, की कपाटातल्या कवळ्या खुळखुळल्या. आधी डॉक्टर मागे आला, मग बुलबुल, आणि सगळ्यांत शेवटी नाइलाजाने सर. चौघे एका लयीत आले आणि गाणं शेवटपर्यंत तसंच गेलं.

संपल्यावर सर फोन घेऊन कोपऱ्यात गेला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "हॅलो, दौऱ्याच्या टी-शर्टबद्दल बोलतोय. तीन नाही, चार करा."

टकटकने वर पाहिलं. "तीनच सांगितले होतेस?"

"अरे, ते... सुरुवातीला आपला एक अंदाज..." सर भिंतीवरच्या किडक्या दाढेकडे बघत राहिला. "साईझ काय सांगू?"

टकटकने त्याला बराच वेळ तसंच तिष्ठत ठेवलं. आता घाई कसली?

"सगळ्यात मोठी," शेवटी तो म्हणाला. "आणि दोन सांग. घाम येतो मला."