सत्कारात गिळलेला प्रश्न

आमच्याकडे पाहुणे आले, चहा झाला आणि बोलणं जरा थंडावलं की बायको हळूच म्हणते, "आता येणार बघा कोरियन." आणि तो येतोच. साकीनाक्याच्या कारखान्यात आलेला कोरियन, आमच्या इमारतीच्या पूजेत त्याचा झालेला सत्कार, एका म्हाताऱ्याने विचारलेला आडवा प्रश्न मी कसा शिताफीने फिरवला, आणि जेवण आवडतं एवढंच बोलल्यावर त्याला पडलेल्या टाळ्या. हातात नारळ घेऊन भांबावलेल्या माणसाची नक्कल मला बरी जमते. पाहुणे हसतात, मी तिथे थांबतो.

परवा मुलीने विचारलं, "बाबा, पण त्या आजोबांनी नक्की विचारलं काय होतं?"

"आता कुठे आठवतंय," मी म्हणालो.

आठवतंय. तोंडाने सांगायला जमत नाही म्हणून लिहितोय. लिहिताना निदान समोरचा कधी हसेल याची वाट बघावी लागत नाही.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. पँटच्या चेन बनवणाऱ्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो. लग्न व्हायचं होतं, घाटकोपरला हाउसिंग बोर्डाच्या इमारतीत आई आणि मी दोघंच. मालकाने चेनचे दात बसवणारं मशीन कोरियाहून मागवलं, आणि ते चालू करून द्यायला दीड महिन्यासाठी माणूसही आला. अख्ख्या कारखान्यात बी.ए. झालेला मीच. तेही इंग्रजी घेऊन, तेही दुसऱ्या खेपेला. मालक म्हणाले, "तू ह्याच्याबरोबर राहा. बोलायला." झालो दुभाष्या. त्याचं इंग्रजीही माझ्याइतकंच मोडकं होतं, त्यामुळे आमचं छान जमलं. चांगलं इंग्रजी बोलणारा तिसरा कोणी आला की मात्र आम्ही दोघं गप्प.

माणूस चाळिशीचा, ठेंगणा, रुंद खांद्यांचा. कामात वाघ. दिवसभर मशीनखाली पाठीवर पडून असायचा. संध्याकाळी मी त्याला मरोळच्या गेस्ट हाऊसवर सोडायचो आणि सुटलो म्हणून घरी पळायचो. एकदा कारखान्याच्या किल्ल्या त्याच्याकडेच राहिल्या म्हणून अर्ध्या वाटेतून परत गेलो. दार उघडंच होतं. तो खिडकीकडे तोंड करून खाटेवर बसला होता आणि हळू आवाजात बोलत होता. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

मला बघून ओशाळला. म्हणाला, "दहा दिवस झाले, कोरियन बोललो नाही. तोंड चालतंय का, बघत होतो."

मला कसंतरीच झालं. येत्या रविवारी आमच्याकडे जेवायला यायचं, असं मी तिथल्या तिथे सांगून टाकलं.

रविवारी त्याला घेऊन इमारतीत आलो तेव्हा तळमजल्यावर दारात खुर्ची टाकून कॉम्रेडकाका पेपर वाचत होते. नाव वेगळं होतं, पण सगळी इमारत त्यांना कॉम्रेड म्हणायची. गिरणीत माग चालवणारे साचेवाले, लाल बावट्याचे. संपात गिरणी गेली, बायको त्याच्या आधीच गेलेली. आता जाणाऱ्या-येणाऱ्याला प्रश्न विचारणं एवढंच काम त्यांना उरलं होतं, आणि म्हणून लोक जिन्याकडे जाताना एकदम घाईत असल्यासारखे चालायचे. मीही.

"काय रे, कुठला पाहुणा?"

"कोरियाचा, काका."

"वरच्या की खालच्या?"

"खालच्या."

"हं," म्हणून त्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

आमच्या दाराशी तो थांबला. चौकटीवर आईने गावाहून आणलेलं नवं बांधलेलं होतं, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या आणि आंब्याची पानं. दसऱ्याच्या सुमाराला बांधतात ते वर्षभर तिथेच वाळत राहतं. त्याने हात वर करून एक लोंबी बोटांत धरली, एक दाणा काढला, दाताखाली फोडला आणि मान हलवली. एखादा सोनार नथ बघतो तसं. मग बूट काढून आत आला.

आईने सुका बांगडा भाजला होता. त्या वासाने समोरच्या गुजराती शेजारणीची खिडकी धाडकन बंद झाली आणि हा माणूस पहिल्यांदा मोकळा हसला. त्यांच्या गावातही असाच वास येतो म्हणे. हाताने जेवायला त्याला जमत नव्हतं, पण ताटाबाहेर सांडलेलं शीतन् शीत त्याने बोटाच्या टोकाने टिपून खाल्लं. ताट धुतल्यासारखं केलं.

"बग रे," आई म्हणाली, "एक शीत टाकल्यान नाय. नायतर तू!"

मी त्याला हे इंग्रजीत सांगितलं. वाटलं, खूष होईल. तो खाली बघत राहिला.

पुढच्या रविवारी मी त्याला पवईला तलाव दाखवायला नेलं. तलावात बघण्यासारखं पाणी सोडून काही नव्हतं. काठावर शेंगदाणे खात बसलो होतो. त्याने आपणहून विषय काढला. म्हणाला, तुझ्या दारावरचं भात चांगलं होतं. मग म्हणाला, मी व्हिएतनाममध्ये होतो. सैन्यात.

"व्हिएतनाममध्ये? तिथे तर अमेरिका लढत होती."

"आम्ही पण. पुष्कळ माणसं गेली आमची. अमेरिका आमचा मित्र. कोरियाच्या लढाईत त्यांची पोरं मेली होती. आता आमच्या लढाईत या, म्हणाले. आमचं सरकार म्हणालं, येतो. मग आम्ही गेलो."

"तळावर असाल ना? सामानसुमान, गाड्या वगैरे?"

"नाही. पुढे. बंदूक घेऊन. चालत. रान, डोंगर, गावं." दोन बोटांनी त्याने माणूस चालतो तसं गुडघ्यावर करून दाखवलं. "एक वर्ष. आमच्या दहा जणांतले तीन परत आले नाहीत."

मग त्याने सांगितलं ते असं. तो शेतकऱ्याचा तिसरा मुलगा. व्हिएतनामची शेतं त्याच्या गावासारखीच, तेच बांध, तेच पाणी, तसेच रेडे. एका गावाजवळ भात कापणीला आलं होतं. हुकूम आला की हे भात रानातल्या शत्रूच्या पोटात जाणार, जाळा. तुकडीत बाकी बहुतेक शहरातली पोरं. त्यांना ते नुसतं गवत. याला कळत होतं की चार, फार तर पाच दिवस राहिलेत. गावातली माणसं बांधावर उभी होती. कोणी ओरडलं नाही. एक म्हातारा तेवढा खाली बसून लोंब्या ओरबाडून टोपीत भरत होता, जेवढ्या मिळतील तेवढ्या.

"मीच पेटवलं," तो म्हणाला. "बाकीच्यांना पेटवता येत नव्हतं. ओलं होतं. वारा कुठून आहे ते मला बघता येतं."

शेंगदाण्याची पुडी त्याने नीट घडी करून खिशात ठेवली. बस आली, आम्ही चढलो.

एवढी मोठी गोष्ट पोटात घेऊन गप्प बसायचं माझ्या रक्तात नाही. सोमवारी सकाळी पाण्याच्या टाकीपाशी इमारतीचे सेक्रेटरी भेटले आणि मी बोलून गेलो, "आपल्याकडे आलेला तो कोरियन माहितीये? व्हिएतनामच्या लढाईतला आहे. अगदी पुढच्या फळीतला." भाताचं नाही सांगितलं. ते सांगितलं असतं तर गोष्टीची मजा गेली असती.

सेक्रेटरींचे डोळे चमकले. "काय सांगतोस! मग सव्वीस जानेवारीला सत्यनारायण आहे आपला. सत्कारच करू की! यंदा कोणीच नाहीये रे सत्काराला. दहावीला सगळी पोरं काठावर पास."

"अहो, पण तो परका..."

"म्हणून तर! शेजारच्या इमारतीची वाट लागेल. त्यांच्याकडे दर वर्षी तोच निवृत्त पोस्टमास्तर."

मी कोरियनला एवढंच सांगितलं की पूजा आहे, प्रसाद आहे, ये. तो टाय लावून आला. आईसाठी भेट म्हणून कारखान्यातल्या रंगीबेरंगी चेनचा जुडगा घेऊन आला. आईने तो देवापुढे ठेवला.

अंगणात मांडव, माईक, लोखंडी खुर्च्या. सेक्रेटरी बोलायला उभे राहिले आणि पहिल्याच वाक्यात त्यांनी रणांगण काढलं. शत्रूला पाणी पाजणारे, मृत्यूच्या डोळ्यांत डोळे घालणारे. कोरियनने माझ्याकडे झुकून विचारलं, काय म्हणतात?

"तुम्ही चांगले इंजिनियर आहात, असं."

मागच्या रांगेतून कॉम्रेडकाका उठले. माईक नव्हता, पण गिरणीच्या खडखडाटात बोलायची सवय असलेला आवाज. "एक प्रश्न विचारायचाय पाहुण्यांना. विचार रे त्यांना. व्हिएतनामच्या लोकांनी त्यांचं काय वाकडं केलं होतं?"

सेक्रेटरी माझ्याकडे असे बघायला लागले की जणू प्रश्न मीच विचारला. पहिल्या रांगेत आई. कोरियन माझ्या तोंडाकडे बघत होता, शांत, उत्तर द्यायला तयार असल्यासारखा. मला फक्त तो प्रश्न जसाच्या तसा सांगायचा होता. तेवढं इंग्रजी मला येत होतं.

"ते विचारतायत," मी म्हणालो, "इथलं जेवण आवडतं का?"

त्याने कॉम्रेडकाकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "आवडतं. तिखट आहे. सगळं खातो."

मी माईक हातात घेतला. "पाहुणे म्हणतात, शिपायाने प्रश्न विचारायचे नसतात, हुकूम पाळायचा असतो!"

टाळ्या. काय टाळ्या! शाल आली, नारळ आला, फोटो निघाला. शाल खांद्यावर सरळ करत तो माझ्या कानाशी म्हणाला, "जेवणासाठी एवढ्या टाळ्या?" इथपर्यंतची गोष्ट आमच्या घरी सगळ्यांना पाठ आहे.

कॉम्रेडकाका प्रसाद न घेता आत गेले.

चार दिवसांनी मशीन चालू झालं. कोरियन परत जायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही त्याची हत्यारं खोक्यात भरत होतो. हातातला पाना फडक्याने पुसत त्याने विचारलं, "तो म्हातारा. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. जेवणाचं विचारणाऱ्या माणसाचं तोंड तसं नसतं. काय विचारलं त्याने?"

मी सांगितलं. या वेळी नीट, शब्दाला शब्द.

तो खोक्यावर बसला. रागावेल म्हणून मी थांबलो होतो, रागावला असता तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाला, "एवढी वर्षं झाली. बापाने नाही विचारलं. बायकोने नाही. कोणी नाही. इथे एकाने विचारलं." मग उठला. "त्याचं घर कुठे? चल."

संध्याकाळी पाचला आम्ही इमारतीत आलो. कॉम्रेडकाकांच्या दाराला कुलूप. समोरची बाई म्हणाली, "ते गावाला गेले ना काल. भाऊ आजारी आहे. आठ-दहा दिवस लागतील."

त्याचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.

तो दारासमोर उभा राहिला. कोटाची बटणं लावली, हात मांड्यांना चिकटवले आणि कमरेत वाकून त्या कुलपाला नमस्कार केला. समोरच्या बाईने पदर तोंडाला लावला. मला हसू आलं नाही एवढं सांगतो, बाकी माझ्या बाजूने सांगण्यासारखं काही नाही.

"त्याला सांग," तो म्हणाला. "काही नाही. त्यांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं. आणि भाताचं पण सांग. सगळं सांग."

आईला न भेटताच गेला. शाल गेस्ट हाऊसच्या खुर्चीवर राहिली होती, तिथल्या माणसाने ती कारखान्यात आणून दिली. नारळ मात्र त्याने नेला असावा.

कॉम्रेडकाका पंधरवड्याने आले. मी दोन दिवस जिना घाईघाईने चढलो-उतरलो. तिसऱ्या दिवशी दुपारी आपणहून त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. तलाव, म्हाताऱ्याची टोपी, वारा, कुलूप.

त्यांनी चष्मा काढला. "मग त्या दिवशी तू त्याला काय विचारलंस?"

"जेवण आवडतं का, असं."

ते हसले, अगदी खोकला येईपर्यंत. मग खोकला थांबला आणि हसणंही. "अरे गाढवा, विचारून झालं की मी त्याला माझ्याकडेच जेवायला आणणार होतो. दोघांपुरता भात टाकून आलो होतो गॅसवर. मग तो काही का उत्तर देईना." थोड्या वेळाने म्हणाले, "पत्ता आहे त्याचा?"

"नाही."

"दीड महिना त्याच्या खांद्यावर हात टाकून हिंडलास, आणि पत्ता नाही."

मी उठायला लागलो. ते म्हणाले, "बस. जेवून जा." एका ताटाचं होतं ते त्यांनी दोन ताटांत केलं. भात, कुळथाची पिठी. घरात एवढी शांतता की पिठी भुरकल्याचा आवाजसुद्धा नको वाटत होता. दोन घास झाल्यावर त्यांनी विचारलं, "पिवळं झालं होतं म्हणाला?"

"हो."

"कापणीला किती दिवस होते?"

"चार. फार तर पाच."

कॉम्रेडकाका माझ्याच आईच्या मुलखातले, सात वर्षांचे असल्यापासून भातात राबलेले. त्यांचा हात ताटात होता तिथेच राहिला. मी खाली मान घालून जेवत राहिलो आणि माझ्या ताटातलं शेवटचं शीत बोटाने टिपून खाल्लं. त्यांनी ते पाहिलं की नाही, मला माहीत नाही. त्यांच्या ताटातला भात गार होत होता.