माया गजभियेचं पूर्ण नाव

खाप्याच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरखैरी नावाचं गाव आहे. तिथं माया गजभियेने घराच्या दोन खोल्या होमस्टेसाठी काढल्या, तेव्हा नागपूरहून पर्यटन खात्याच्या गार्गी मॅडम पाहुणचार शिकवायला आल्या. मॅडमनी जन्मात चूल फुंकली नव्हती, पण चुलीवर तीन तास बोलल्या. गॅस झाकून ठेवा, अंगण सारवा. शेवटी आवाज खाली करून म्हणाल्या, कुणी नाव विचारलं तर नुसतं मायाताई सांगा. पहिल्या पाहुण्यांनी अभिप्रायाच्या वहीत चांगलं लिहिलं तरच घर खात्याच्या यादीत चढणार होतं.

आवाज का खाली केला, हे मायाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. तिच्या नवऱ्याच्या, देवाजीच्या आजोबांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली होती, आणि गजभिये म्हटलं की पुढचं सगळं नागपूरकराला आपोआप कळतं. देवाजी पहिल्यापासूनच भित्रा. मॅडम सांगतात तेच बोल, म्हणून तो मागे लागला. सहा वर्षं बचत गटात भांडून मायाने हे काम मिळवलं होतं. एका आडनावापायी ते जावं, असं तिलाही वाटत नव्हतं.

पहिले पाहुणे म्हणजे हर्षित आणि कामिनी, नागपूरचं जोडपं. गाडीतून उतरल्याबरोबर दोघं हरखून गेले. शेणाचा फोटो काढला, शेळीचा काढला. शेळीने तोंड फिरवलं. दुपारी बेसनाच्या पातोडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी वाढली, तर कामिनीने तीन भाकरी चापल्या आणि आजीच्या हातची चव आठवून तिचे डोळे भरून आले. हर्षितने बोटं चाटली, ढेकर दिला आणि अगदी सहज विचारलं, "ताई, तुमचं पूर्ण नाव काय?"

आपल्याकडे हा प्रश्न कशासाठी विचारतात, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मॅडमचं उत्तर मायाच्या जिभेवर तयार होतं. पण आपल्याच हातचं खाऊन तृप्त झालेल्या माणसापुढं आपलंच नाव लपवायची तिला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त राग आला.

"माया देवाजी गजभिये," ती म्हणाली.

हर्षित दोनदा अच्छा म्हणाला. कामिनीने पेल्यातलं पाणी अर्धं ठेवलं. संध्याकाळी दोघांनाही उपास निघाला. ना चतुर्थी, ना एकादशी, आणि तीन भाकऱ्यांवर सुरू होणारा उपास मायाने आजवर ऐकला नव्हता. बाईसाहेब बिस्किटांचा पुडा घेऊन गाडीत जाऊन बसल्या. देवाजीने डोक्याला हात लावला. मायालाही रडू आलं, पण रडता रडता तिनं उद्यासाठी मटकी भिजत घातली.

दुसऱ्या दिवशी जंगल बघून ते अकराला परतले. बिस्किटं संपली होती, आणि जवळपास हॉटेल नव्हतं. कामिनी आंघोळीला गेली तसा हर्षित स्वयंपाकघराच्या दारात आला. थोडं काही मिळेल का, पण हिला सांगू नका, म्हणाला. मायाने पाट दिला. त्याची दुसरी भाकरी चालू असताना मागच्या दाराने ओल्या केसांची कामिनी आत आली. तिलाही थोडंच हवं होतं, आणि नवऱ्याला कळू द्यायचं नव्हतं. दोघं एकमेकांकडे बघतच राहिले.

"बसा," माया म्हणाली. "साहेबांचा उपास सुटून राहिला, तुमचाबी सोडून घ्या."

भुकेपुढं काय चालतं? बसली. निघताना हर्षितने वहीत पानभर स्तुती लिहिली, म्हणजे घर यादीत चढल्यात जमा होतं. मग गाडीचं दार उघडता उघडता, मोठे उपकार केल्यासारखा तो म्हणाला की नागपुरात सगळ्यांना तुमच्याकडे पाठवतो, फक्त तुम्ही नाव अर्धंच सांगत जा, लोकांना समज नसते.

"मी काहून अर्धं सांगू, भाऊ?" माया म्हणाली. "तुमीच तिकडं पुरं सांगा. ज्याले चालत नसन त्यानं घरून डबा आणावा. अन् तुमी दोन येळा जेवले, हेबी सांगा."