रोजचे पाच शब्द

आमच्या ह्यांनी चौतीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली. एकाच खुर्चीत बसून, चहा-सिगारेटच्या जोरावर, जगाच्या वेलांट्या सुधारल्या. घरी पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून द्यावा लागे. असा माणूस निवृत्तीनंतर एके दिवशी पहाटे पाचला बूट घालून दारात उभा राहिला, तेव्हा मला वाटलं, घर सोडून निघाले.

कारण होते माझे थोरले दीर. शेवटची तीन वर्षं ते स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे अंग चोरून बसायचे आणि सख्ख्या भावाला अदबीनं विचारायचे, आपण कोण? ते गेले आणि ह्यांनी हाय खाल्ली. आता नंबर आपला, म्हणून तडक डॉक्टरांकडे.

डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं. चाला, सिगारेट सोडा, रक्तदाब सांभाळा, कान तपासून घ्या, चार माणसांत मिसळा. ह्यानं विसरभोळेपणाच्या आजाराचा धोका कदाचित कमी होतो, हमी मात्र कुणी देऊ शकत नाही. आयुष्यात कुणाचा स्वल्पविराम न सोडलेल्या ह्या गृहस्थांनी त्यातलं ‘कदाचित’ तेवढं गाळलं. कानाचंही गाळलं, कारण कानात यंत्र बसवायचं म्हणजे म्हातारे झालो हे कबूल करायचं.

मग माझा छळ सुरू झाला. दिवसाला दहा हजार पावलं. नऊ हजार आठशेला घर आलं, तर उरलेली दोनशे माझ्या स्वयंपाकघरात, मी उकळतं पातेलं उतरवत असताना. माणसांत मिसळायचं ते शेजारी, रोज वीस मिनिटं, गजर लावून. शेजारीण बिचारी मुलाच्या मोडलेल्या संसाराचं सांगत होती, तिचा बांध फुटायला आणि गजर वाजायला एकच गाठ पडली. हे उठले. उरलेलं उद्या ऐकतो म्हणाले.

शिवाय पाच शब्द. सकाळी भाजी चिरताना मी कुठलेही पाच शब्द सांगायचे, संध्याकाळी ह्यांनी ते म्हणून दाखवायचे, मी ‘बरोबर’ म्हणायचं आणि ह्यांनी वहीत पाचपैकी पाच लिहायचे. असं चार महिने चाललं. बागेतल्या बाकावरच्या म्हाताऱ्यांना हे स्मरणशक्तीवर व्याख्यानं झोडायला लागले.

मागच्या महिन्यात लेक राहायला आली. तिला ह्या प्रकाराची गंमत वाटली, म्हणून मी सांगितलेले शब्द तिनं वर्तमानपत्राच्या कडेला टिपून ठेवले. बादली, कात्री, पायरी, ताट, दोरी.

संध्याकाळी मी गॅस बंद केला, हात पुसले आणि समोर येऊन बसले. लेकीपुढे प्रयोग होता, म्हणून हे ताठ उभे राहिले.

“बाटली, रात्री, डायरी, वाट, चोरी.”

“बरोबर,” मी म्हणाले.

लेकीनं कागद पाहिला, मग बापाकडे पाहिलं. “बाबा, एकही नाही.”

हे मटकन खाली बसले. चेहरा पांढराफटक. “दादासारखंच,” एवढंच म्हणाले. चार महिन्यांत पहिल्यांदाच मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी लेक त्यांना घेऊन गेली. दोन तास तपासण्या झाल्या. डोकं ठणठणीत निघालं, घोडं पेंड खात होतं ते कानात. शब्द हे विसरलेच नव्हते, ते धड ऐकूच गेले नव्हते. डॉक्टरबाईंनी चांगली कानउघाडणी केली, तीही ह्यांना निम्मीच ऐकू आली असणार. आता दोन्ही कानांत यंत्रं आहेत आणि पाचपैकी पाच खरेखुरे येतात. यंत्राची कल्पना मुळात आपलीच होती, असं बाकावर सांगून झालंय.

लेक निघाली त्या दिवशी बॅग भरता भरता म्हणाली, “आई, पण तू बरोबर कशी म्हणालीस?”

“अगं, सतरा कामं असतात मागे. माझं लक्ष कुठे होतं?”

तिला पटलं. ह्यांनाही पटलं, उलट लक्ष देत जा म्हणून मलाच चार शब्द सुनावले. मी ऐकून घेतले. खरं सांगायची मला भीती वाटते, तुम्हाला म्हणून सांगते. माझं लक्ष होतं. ह्यांचे पाचही शब्द मी नीट ऐकले होते, आणि ते मला सकाळचे माझेच वाटले होते.