मी न लावलेलं नाव

मराठीत बापाचं नाव ‘लावतात’. माझ्या नावामागं जे लागलंय, त्या माणसाचा चेहराही मला आठवत नाही. मी दोन वर्षांची असताना वडील वारले. पुढं आईनं दुसरं लग्न केलं आणि मला घेऊन ती उदगीरला अप्पांच्या घरी आली.

अप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. शाळेत घालायला तेच मला घेऊन गेले. गुरुजींनी वडिलांचं नाव विचारलं, तशी मी अप्पांकडं बघितलं. त्यांनी माझ्या वारलेल्या वडिलांचं नाव सांगितलं. परत येताना मी भर रस्त्यात रडायला लागले, “मला तुमचं नाव पाहिजे!”

अप्पांनी मला उचलून घेतलं. “त्या माणसाचं तेवढंच राहिलंय, माय. ते कसं काढून घ्यावं? मी काय, हाक मारली की हायच.”

आणि ते होतेच. तापात उशाशी बसायचे. मी लातूरला शिकायला गेले, तर दुकान बंद ठेवून भेटायला यायचे. जीव लई लावला; नाव तेवढं लावू दिलं नाही.

भांड्यांवर नावं तेच घालायचे. गावातल्या कितीतरी लेकींच्या भांड्यांवर देणाऱ्या बापाचं नाव त्यांच्या हातचं होतं. माझं लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, आता तरी अप्पांचं नाव माझ्या घरात येईल. नांदेडला सासरी भांडी उतरवून घेतली आणि मी आधी घागर फिरवून बघितली. वडिलांचंच नाव होतं.

मी फोन केला. “अप्पा, हे काय केलं तुम्ही?”

“लेकीला भांडी बापानं द्यायची असत्यात,” ते म्हणाले.



नोकरीमुळं लग्नानंतरही मी नाव बदललं नाही. दोन वर्षांखाली अप्पांना लातूरच्या दवाखान्यात न्यावं लागलं. खिडकीतल्या बाईनं माझं आधार कार्ड बघून विचारलं, “पेशंट तुमचे कोण?”

“वडील.”

“इथं तर वेगळंच नाव आहे.”

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून स्ट्रेचरवरून आवाज आला, “माझीच हाय ती. लिहा तुम्ही.”

मी वळून बघितलं. दुसऱ्याची वस्तू उचलल्यासारखे ते ओशाळले होते. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी घट्ट धरून ठेवला.

त्या दुखण्यातून ते उठले नाहीत.

आता दुपारी घरात कोणी नसलं, की मी कधी कधी माझं नाव मोठ्यानं म्हणते आणि त्यामागं अप्पांचं लावते. कानाला परकं वाटतं. मग पुन्हा एकदा म्हणते.