तोंड दाबलेली भिंत

लढाई परदेशात चालली होती आणि आमच्या सॅपर सेक्शनला, म्हणजे लष्कराच्या बांधकाम तुकडीला, पोस्टिंग मिळाली सातपुड्याच्या पायथ्याची. जळगाव जामोदवरून चालत जायचं, गड चढायचा, वर वायरलेस पोस्ट उभारायची आणि जुनं पाण्याचं टाकं दुरुस्त करायचं. मी हुद्द्यानं नाईक, वऱ्हाडातलाच. पोरं चिडवायची, "नाईक, तुमाले तं घरीच पोस्टिंग भेटली!" घर कुठलं, डोंबल!

गडाचा तट चुन्यातला. पण त्याच्या पोटाखाली, टाक्याला लागून, त्याहून कितीतरी जुनी भिंत होती. चुना नाही, माती नाही, नुसते घडीव दगड एकावर एक. फटींतून टाक्याचं पाणी झिरपायचं. सेक्शनच्या साहेबांना ते खपेना. "ऑल जॉइंट्स, सिमेंट!" आम्ही फटी बुजवल्या. भिंत कोरडी ठाक. साहेब खूश.

मला मात्र चैन पडेना. टाक्यातलं पाणी रोज उतरायचं आणि खाली थेंब नाही. मग जात होतं कुठं? जेवता जेवता उठून मी भिंतीला हात लावून यायचो. संग्रामपूरकडचा सॅपर किसन हसायचा.

"काऊन फिरून राह्यले, नाईक? भिंत का पळून जाते?"

एका दुपारी टाक्यावरून खाली वाकून पाहिलं. सिमेंटला तडे गेले होते, भिंत फुगली होती. पिढ्यान्‌पिढ्या पाणी सोडून देत ती उभी राहिली होती. आम्ही तिचं तोंड दाबलं आणि पाणी तिच्या पोटात साठत गेलं. खाली तिच्याच सावलीत गिट्टी फोडणाऱ्या चार बाया भाकर खात होत्या. किसन तिथंच होता.

"किसन! बाया काढ!"

"हाव!"

तिघींना त्यानं हाकललं. चौथी शिदोरी उचलायला वळली. तिला दंडाला धरून त्यानं अक्षरशः फेकली. मग भिंत त्याच्या अंगावर आली.

फील्ड टेलिफोनवर मी बोललो, "वॉल डाउन. वन मॅन अंडर. सेंड डॉक्टर." पहारींनी दगड काढले. डॉक्टरचं काम उरलं नव्हतं. साहेब टोपी काढून उभे राहिले. मला इतका संताप आला होता की त्यांच्याकडे बघवेना.

किसनचं सामान घेऊन मीच त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं विचारलं, "लढाईत गेला का?"

"नाही, माय. भिंतीखालून बाया काढता काढता गेला."

"वाचल्या का त्या?"

"साऱ्या."

म्हातारीनं त्याचं सामान मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाली, "त्याइले एक खेप माह्याकडं पाठव. मले पाहू दे."

चौघी आल्या. तिनं एकेकीला जवळ बसवून तोंडावरून हात फिरवला. मी अंगणातच उभा राहिलो. आत जायची हिंमत झाली नाही.