बायकोच्या नाकाचं माप

माझ्या बायकोच्या डाव्या नाकपुडीची जाडी दोन पॉइंट एक मिलिमीटर आहे. हे मला ठाऊक आहे, कारण मी ती मोजली आहे. तीनदा मोजली. दुसऱ्यांदा ती शिंकली, म्हणून ते रीडिंग रद्द धरून उरलेल्या दोहोंची सरासरी काढली.

अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवची गोष्ट. मी तेव्हा शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला होतो. टेबलावर इंजिनाच्या पिस्टन पिना यायच्या, मी त्या मोजायच्या आणि पास का नापास ते सांगायचं. दिवसाचे आठ तास हेच केलं की माणसाला वाईट खोड लागते. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी भाकरी मोजून मंगलला सांगितलं होतं, "कडेला जाडी जास्त येतेय बघ." त्यानंतर चार दिवस मी खानावळीत जेवलो. एवढ्यावर शहाणा व्हायला हवा होतो, पण नाही झालो.

मंगलचं माहेर कुरुंदवाडचं. ती दहावीत असताना तिचे वडील गेले. त्या दिवशी सासूबाईंनी नाकातली नथ काढली, हळदीच्या कापडात गुंडाळली आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवली. थोरलीच्या, म्हणजे मंगलच्या, लग्नात तिच्या नाकात घालायची, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. पण थोरली डी.एड.ला कोल्हापुरात हॉस्टेलवर आली, तिथल्या मुली नाकातल्या चमकीवरून चिडवायला लागल्या, हिनं ती काढून ठेवली आणि भोक बुजलं. आमच्या लग्नात मग दाबाची नथ आणावी लागली. ती सप्तपदीत तिसऱ्या पावलाला पडली आणि चौथ्याला माझ्या पायाखाली सापडली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या काहीच बोलल्या नाहीत, हेच मंगलला लागून राहिलं होतं.

म्हणून धाकट्या शोभाचं लग्न दोन महिन्यांवर आलं, तेव्हा मंगल मला म्हणाली, "मी नाक टोचून घेणार. ह्या लग्नात आईची नथ घालायचीच. तिला एकदा बघू दे."

"घे की मग," मी म्हणालो. इथवर माझं सगळं बरोबर होतं.

गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, एका बोळाच्या तोंडाशी तात्या सोनारांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक गादी, एक काचेचं कपाट आणि तात्या. रविवारी सकाळी आम्ही गेलो. नाक टोचायचंय म्हटल्यावर तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मंगलच्या नाकाकडं जरा वेळ बघितलं आणि डबीतून सोन्याची बारीक तार काढली.

"ह्याची रिंग घालतो. दीड म्हैना खोबरेल लावून फिरवत ऱ्हावा. मग घाला खुशाल नथ. रिंग जरा मोठीच ठिवतो."

"मोठी म्हणजे किती?" मी विचारलं.

"मोठी म्हंजी ढिली."

ढिली! आमच्या शॉपमध्ये ढिल्या पार्टाला लाल रंग फासून कोपऱ्यात टाकायची पद्धत. मी तात्यांना समजावून सांगितलं, की ढिली वस्तू हलते, हलली की घासते आणि घासली की भोक वेडंवाकडं होतं. शिवाय टॉवेलात अडकते ते वेगळंच. कपाटात एक लाल खड्याची चमकी होती, मागून फिरकी आवळायची. मी तिच्यावर बोट ठेवलं.

"ही घाला. आणि मागची दांडी नाकाच्या जाडीइतकीच ठेवा. केसभरसुद्धा जास्त नको."

"पावणं, टोचल्यावर नाक सुजतंय. जागा ठेवाय लागती."

"फिटिंग बरोबर असलं की कशाला सुजेल?"

तात्यांनी मंगलकडं बघितलं. मंगलनं माझ्याकडं बघितलं. (लग्नाला दीडच वर्ष झालं होतं. तेव्हा तिचा माझ्यावर विश्वास होता.)

"बरं," तात्या म्हणाले. "किती ठिवू दांडी?"

मी खिशातून व्हर्नियर काढला. व्हर्नियर म्हणजे दोन जबड्यांची स्टीलची मोजपट्टी, जबड्यांत वस्तू धरली की तिची जाडी कळते. तो रविवारी माझ्या खिशात काय करत होता, हे मंगलनंही विचारलं होतं आणि मला सांगता आलं नव्हतं. मी तो शर्टाला पुसला, एक जबडा मंगलच्या नाकात घातला, दुसरा बाहेरून टेकवला आणि म्हणालो, "हलू नकोस. श्वास घेऊ नकोस."

शेजारी एक बाई मुलीसाठी गळ्यातला साज बघत होत्या. त्यांनी साज खाली ठेवला आणि आमच्याकडं तोंड करून नीट मांडी घालून बसल्या.

"पावणं," तात्या म्हणाले, "चाळीस वरसं नाकं टोचतोय. पर नाक मोजून घेणारा माणूस आजच बघितला."

मला ही स्तुती वाटली.

नाक टोचलं. चमकी बसली ती अशी बसली, की बोट फिरवलं तर कुठं वर-खाली लागू नये. घरी येईपर्यंत मी मंगलला चारदा थांबवून नाक बघितलं आणि चारही वेळा पास केलं.

सोमवारी नाक लाल झालं. मी म्हणालो, होतंच तेवढं. मंगळवारी ते टोमॅटोएवढं झालं आणि चमकीच्या कडा आत गेल्या. बुधवारी सकाळी नुसता लाल खडा दिसत होता, तोही नीट शोधला तर. सोनं सगळं आत. माझी दोन पॉइंट एकची दांडी जागची हलली नव्हती, नाकच चार मिलिमीटरचं झालं होतं. मंगल खाटेवर बसून रडत होती आणि नाक दुखतंय म्हणून मोठ्यानं रडताही येत नव्हतं.

"जरा फिरकी ढिली करून बघतो," मी म्हणालो आणि पेटीतून पक्कड काढली. (लांब तोंडाच्या त्या पकडीला नोज प्लायर म्हणतात. मला त्यातून धीर आला होता.)

"हात लावलासा तर माहेरी जाईन," मंगल म्हणाली. पण माहेरी जायचीही सोय नव्हती, कारण तिथं आई नाक बघणार.

तेवढ्यात शेजारच्या काकूंनी हाक मारली. कुरुंदवाडहून फोन होता. आमच्याकडं फोन नव्हता, सगळे फोन काकूंकडंच यायचे आणि काकू ते उभ्या राहून ऐकायच्या. आज रिसीव्हरमधला सासूबाईंचा आवाज मलाही दारातून ऐकू येत होता.

"टोचलंस का गं नाक?"

"व्हय आई."

"असा गं काय आवाज? सर्दी झालीया व्हय?"

"व्हय."

"मग शुक्रवारी येते मी काढा घिऊन. नथ बी आणते, कशी दिसती बघूया."

मंगलनं फोन ठेवला आणि शुक्रवार किती दिवसांवर आहे ते बोटांवर मोजलं. मी त्या दिवशी कामावर दांडी मारली.

दुपारी तात्यांकडं गेलो. त्यांनी मंगलचं नाक बघितलं आणि बारीक कातर काढली.

"दांडी आतनं कापाय लागंल. आन् लगेच तार घालाय पायजे, न्हाईतर भोक जाईल. जरा सोसावं लागंल, बाळ."

"तात्या, नथ घालता येईल ना लग्नात?" मंगलनं विचारलं.

"येईल. आता तरी नाकाला जागा दिली तर येईल."

"रिंग किती ढिली ठेवणार?" मी विचारलं.

"बघून."

"बघून म्हणजे अंदाजे किती?"

"पावणं," तात्या म्हणाले, "तुमी जरा भाईर जाऊन च्या पिऊन या."

मी एक चहा प्यालो. आतून मंगलचा आवाज आला, तेव्हा दुसरा मागवला. पोरीनं आईसाठी एक साधी गोष्ट मागितली होती आणि मी तिचं नाक पिस्टन पिनेसारखं तपासत बसलो होतो. मला स्वतःची लाज वाटली. तिसरा चहा मला गेला नाही.

शुक्रवारी सासूबाई आल्या. काढ्याचा तांब्या हातातच राहिला.

"अगं आई गं! कुठल्या मेल्यानं टोचलं हे?"

मंगल पटकन म्हणाली, "सोनाराचा हात जरा जड हाय, आई."

ती मला वाचवायला बघत होती. पण तिच्या आईला ती पुरती ओळखत नव्हती. सासूबाईंनी तांब्या ठेवला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला जावईबापू. दाखवा मला त्याचं दुकान."

गुजरीपर्यंत मी वाटेत तीन कारणं शोधली आणि तिन्ही टाकून दिली. दुकानात शिरल्या शिरल्या सासूबाईंनी तात्यांना धरलं. लेकीचं नाक म्हणजे काय लाकूड वाटलं काय, इथपासून सुरुवात झाली. तात्या ऐकत होते. अधूनमधून माझ्याकडं बघत होते, एवढंच. ते एका शब्दानंही माझं नाव घेईनात, तेव्हा मलाच राहवेना.

"आत्या," मी सासूबाईंना म्हणालो, "त्यांची चूक नाही. त्यांनी ढिली रिंग सांगितली होती. मीच मापाची चमकी घालायला लावली."

"कसल्या मापाची?"

"नाकाच्या."

"म्हंजी तुमी माझ्या लेकीचं नाक मोजलासा?"

"व्हय."

"कशानं?"

मी खिशातून व्हर्नियर काढून दाखवला. सासूबाईंनी तो हातात घेतला, उघडला, मिटला, परत उघडला.

"ह्यानं एरवी काय मोजतासा?"

"पिस्टन पिना."

सासूबाईंनी व्हर्नियर आपल्या पिशवीत टाकला आणि तात्यांना म्हणाल्या, "चुकलं माझं, दादा. आमचं पावणं जरा शिकल्यालं हायती."

पुढचा दीड महिना मंगलच्या नाकाजवळ जायची मला बंदी होती. ती रोज सकाळी खोबरेल लावून रिंग फिरवायची आणि मी दारातून बघायचो. सूज उतरली, लाली गेली. ती रिंग तशी ढिलीच राहिली, टॉवेलात एकदाही अडकली नाही, आणि मी त्याबद्दल काही बोललो नाही.

शोभाच्या लग्नाच्या सकाळी कार्यालयातल्या बायकांच्या खोलीत मंगल आरशासमोर बसली. मी दाराच्या आत एका कडेला उभा होतो. सासूबाईंनी हळदीचं कापड उघडलं. सात मोत्यांची जुनी नथ, मधोमध एक लाल खडा. तार चांगलीच जाड होती. (आकडा मला डोळ्यांनीच कळला होता, पण मी तोंड उघडलं नाही.) सासूबाईंनी नथ शेजारी बसलेल्या एका मावशींच्या पुढं धरली.

"तुमी घाला हिच्या नाकात. सवाष्णीच्या हातानं जाऊ दे."

मंगलनं मावशींचा हात धरून ठेवला. "तू घाल, आई."

"मी कशाला गं? आज चांगला दिवस हाय."

"तू घालणार नसलीस तर मी घालतच न्हाई. दीड महिना कशासाठी सोसलं मी?"

सासूबाई इतकी वर्षं कुणाच्या ओटीला पुढं झाल्या नव्हत्या, हळदीकुंकवाच्या दिवशी मागच्या खोलीत बसून राहायच्या. हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. त्यांनी बोटाला खोबरेल लावलं, रिंग काढली आणि नथीची तार मंगलच्या नाकात घातली. तार अर्ध्यात अडली.

"दुखतंय?"

"न्हाई. घाल तू."

सासूबाईंनी ओठ आवळले आणि तार हळूच पुढं सरकवली. मंगलच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकपुडीवर रक्ताचा एक थेंब आला आणि नथ बसली. सासूबाईंनी लेकीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि बघतच राहिल्या. फोटोग्राफर दारातच उभा होता, त्यानं कॅमेरा वर केला.

आता एक सांगायला हवं. इतके दिवस मी ह्या नाकाचा आकडा बघितला होता, नाक बघितलं नव्हतं. तो थेंब दिसला. पुढचं मला आठवत नाही, पण बायका सांगतात की मी सरळ उभाच्या उभा आडवा झालो आणि वाटेत अक्षतांचं ताट घेऊन गेलो.

फोटोग्राफरनं बटण जरा उशिरा दाबलं, आणि तो फोटो शोभाच्या अल्बममध्ये आहे. मधोमध मंगल, नाकात नथ, डोळ्यांत पाणी. शेजारी सासूबाई, तोंडाला पदर लावून हसतायत. सासरे गेल्यापासून आई अशी हसली नव्हती, असं मंगल सांगते. सासूबाई आता नाहीत. पण घरी कुणी आलं, की मंगलनं शोभाकडून मागून आणलेली त्याची मोठी प्रत सगळ्यात आधी बाहेर येते. सगळे नथीचं कौतुक करतात, सासूबाईंच्या हसण्याचं करतात आणि मग हमखास विचारतात, "आणि जावईबापू कुठं आहेत ह्यात?"

मंगल फोटोच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवते. तिथं मावशींचा हात आहे आणि हातात फोडलेला कांदा आहे. त्या कांद्याच्या खाली मी आहे.