वर्सोव्यात तोंडपाठ झालेली फ्रेंच कादंबरी

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण आजही ज्या केसबद्दल बोलताना अंगात तरतरी येते, ती एका पुस्तकाची. तेव्हा मी अंधेरीकडच्या एका ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो.

फ्रेंच शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई लेखी तक्रार घेऊन आल्या. सहा वर्षं खपून त्यांनी दर्यावरची एक जुनी फ्रेंच कादंबरी मराठीत आणली होती. वह्या टाइप करायला एका माजी विद्यार्थ्याकडे दिल्या. त्या चाळिशीच्या गृहस्थाने अनुवाद स्वतःच्या नावाने फ्रान्सला धाडला. कादंबरीच्या दिवंगत लेखकाच्या नावाने तिथे अनुवादाला पारितोषिक देतात, त्याच्या अंतिम यादीत हा पोहोचला होता. निकाल चार दिवसांवर.

"बक्षीस नको, साहेब. माझं काम माझ्या नावावर पाहिजे," बाई म्हणाल्या. वह्यांची झेरॉक्सही त्यांच्याकडे नव्हती.

हवालदार पुटपुटला, "साहेब, हे कोर्टाचं लफडं. आपण कशाला?" मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि त्या विद्यार्थ्याला बोलावलं.

कडक इस्त्रीचा शर्ट, हातात अनुवादाची छापील प्रत. "बाईंनी फक्त तपासून दिलं. कसल्या वह्या?" दोन तास विचारलं, पठ्ठ्या हलेना. मला फ्रेंचचा गंध नाही. म्हटलं, वाट लागली.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या सोसायटीत मासे विकणारी वर्सोव्याची कोळीण, बाईंकडून सगळं कळल्यावर, थेट माझ्या केबिनमध्ये आली. "सायेब, गोष्ट बाईंचीच हाय. दर रविवारी आमच्या ओट्यावर वाचून दाखवायच्या. होडीतलं काय चुकलं की आम्ही सांगायचो."

"आठवते गोष्ट?"

"इचारा तर."

मी त्या गृहस्थाकडून ठेवून घेतलेली छापील प्रत उघडली. ती प्रकरणामागून प्रकरण घडाघडा सांगत सुटली. तुफान, फुटलेली होडी, किनाऱ्यावर थांबलेली बायको. त्या बायकोच्या तोंडी एक वाक्य होतं: 'दर्याला शिव्या देऊ नको, उद्या त्याच्याकडंच जायचंय.' प्रतीत ते शब्दन् शब्द तसंच. हवालदार चहा हातात धरून तसाच उभा.

लगेच त्या गृहस्थाला बोलावून तिच्यासमोर बसवलं. "हे वाक्य कुठून आलं?"

"मला सुचलं."

कोळीण उसळली. "माझ्या सासूचं बोलणं हाय ते, मीच बाईंना सांगितलं. तुला कसं रे सुचलं? आमच्या ओट्यावर कधी आलास तू?"

शेवटी त्याने बाईंचं काम चोरल्याचं कबूल केलं. पंचांसमक्ष त्याच्या माळ्यावरून सात वह्या जप्त केल्या, बाईंच्या अक्षरातल्या. त्याच्या कबुलीचं फ्रेंच भाषांतर त्याच्याकडूनच करून घेतलं, बाईंनी फक्त तपासलं, आणि संध्याकाळी ते फ्रान्सला गेलं. चौथ्या दिवशी पारितोषिक बाईंच्या नावाने जाहीर झालं. ठाण्यात पेढे वाटले, मीच.

जबाबात शिक्षणाचा रकाना असतो. तिथे 'निरक्षर' लिहिलं की साक्षीदाराचं वजन आपण मनातल्या मनात कमी करतो. माझी ही खोड त्या केसने मोडली.

निकाल सांगायला मी वर्सोव्याला गेलो. कोळीण बोंबील वाळत घालत होती. तिने विचारलं, "ज्यानं गोष्ट लिवली तो हाय का अजून?"

"नाही गं. कधीच गेला."

"त्याला कळायला पायजे होतं," ती म्हणाली. "आम्ही लय रडलो म्हणून."